दिवा लावून मोजा!

गाडीची तार नुसती बघून कळत नाही, मोजावी लागते, आणि तीही दिवा चालू ठेवून मोजावी लागते! एवढीशी गोष्ट मला या पावसाळ्यात समजली आणि तेव्हापासून भेटेल त्याला मी ती सांगत सुटले आहे. शेजाऱ्यांना सांगून झाली, ऑफिसात सांगून झाली, आता तुम्हाला सांगते.

झालं असं, की आमच्या जुन्या गाडीचा उजवा हेडलाइट मंदावला. डावा लख्ख, उजवा पिवळट. नवा बल्ब घातला, फरक नाही. डावीकडचा बल्ब उजवीकडे लावून पाहिला, तरी उजवीकडचाच मंद. म्हणजे दोष वायरिंगमध्ये, एवढं नक्की झालं. तपकीर गल्लीतून एक साधा डिजिटल मल्टिमीटर आणला (इतक्या कमी पैशांत इतकं काही दाखवणारी दुसरी वस्तू मला तरी माहीत नाही), बल्बमागचा कपलर काढला, दिव्याचं बटण चालू केलं आणि कपलरमधल्या पिनांना मीटरची टोकं लावली. १२.४ व्होल्ट! बॅटरीवरही तेवढेच. तार ठणठणीत, बल्ब नवा, मग उजेड जातो कुठे?

आमच्या भागात एक ऑटो इलेक्ट्रिशियन काका आहेत. मीटर हातात घेऊनच त्यांच्याकडे गेले. ते म्हणाले, “ताई, कपलर परत बसवा. दिवा पेटू दे. तारेतून करंट धावायला लागला की मग मोजा. रिकाम्या तारेला विचारून ती काय सांगणार?”

त्यांनी कपलर बसवला, मागच्या बाजूने दोन्ही तारांच्या कडेकडेने एकेक बारीक पिन आत सरकवली आणि तिथे मीटर लावला. ९.८ व्होल्ट! तीच तार, तोच कपलर, आणि अडीच व्होल्ट गायब!

मग आला माझ्या दृष्टीने सगळ्यात रोमांचक भाग. काकांनी मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरं बल्बच्या पॉझिटिव्ह पिनेला लावलं. एकाच तारेची दोन टोकं! निरोगी तारेत तिथे जवळजवळ शून्य यायला हवा. आला ०.३. ठीक. मग एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं बल्बच्या अर्थच्या पिनेला. २.२ व्होल्ट! सापडला चोर! मी तिथल्या तिथे बेरीज केली: ९.८ अधिक ०.३ अधिक २.२, म्हणजे १२.३. दिवा चालू असताना बॅटरीवर नेमके तेवढेच होते. एक दशांशही इकडेतिकडे नाही. वाटेत पडलेल्या सगळ्या व्होल्टची बेरीज बॅटरीच्या व्होल्टइतकीच भरते, हा नियम गुस्ताफ किर्खहोफने १८४५ साली मांडला तेव्हा तो एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता. शाळेत हा नियम मी पाठ केला होता. गाडीच्या बॉनेटखाली तो असा डोळ्यांसमोर खरा होताना पाहिला आणि अंगावर काटा आला.

पण कपलर काढल्यावर १२.४ का दिसले? कारण मीटर स्वतः जवळजवळ करंट घेतच नाही. ओहमचा नियम सांगतो की करंट नाही तर खराब सांध्यावर व्होल्टेज पडणारच नाही. बल्ब लागला की तारेतून चारेक अँपिअर वाहतात, आणि तेव्हाच सांध्यातला अर्ध्या ओहमचा अडथळा उघडा पडतो. हा अर्धा ओहम थेट मोजायला जाल तर साध्या मीटरला धड सांगता येत नाही, कारण त्याच्या स्वतःच्या वायरींचाच अडथळा त्याच्या आसपास असतो. आणि परिणाम बघा! फिलामेंटच्या बल्बला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर उजेड सुमारे तीस टक्के घटतो. आमच्या दिव्याला वीस टक्के कमी मिळत होतं, म्हणजे उजेड निम्म्याहून खाली! शिवाय २.२ व्होल्ट गुणिले चार अँपिअर म्हणजे जवळजवळ नऊ वॅट. घरातला एक एलईडी बल्ब जळेल एवढी वीज अर्थची तार बॉडीला जोडणाऱ्या एका बोल्टपाशी नुसती तापून वाया जात होती.

तो बोल्ट हेडलाइटच्या खाली, बॉडीच्या पत्र्यावर होता. वरून अगदी सभ्य दिसत होता. दहाच्या पान्ह्याने आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढलं (ही पायरी कधीही चुकवू नका), मग तो बोल्ट काढला. लगच्या, म्हणजे तारेच्या टोकाला असलेल्या धातूच्या कडीच्या, खाली तपकिरी गंज. लगपासची तार बोटांनी वाकवली तर कडक लागली, आत वाळू भरल्यासारखी करकरली. काकांनी प्लास्टिक सोललं, तर तांबं काळं-हिरवं. अजून एक इंच मागे कापलं, अजूनही काळं. पाणी लगच्या तोंडाशी शिरतं आणि बारीक तारांमधल्या फटींतून दिव्यातलं तेल वातीवर चढावं तसं आत चढत जातं. बाहेरचं प्लास्टिक शाबूत, आत तांबं कुजलेलं! चौथ्या इंचाला कुठे लखलखीत, गुलाबी झाक असलेलं तांबं दिसलं. “इथून पुढे जोडायचं. काळ्या तांब्यावर जोड धरत नाही,” काका म्हणाले.

जोड कसा घातला तेही सांगते. तेवढ्याच जाडीच्या वायरचा तुकडा घेतला, आधी त्यात हीट श्रिंक स्लीव्ह ओवून ठेवली, मग तांब्याच्या नळीत दोन्ही टोकं घालून क्रिंपिंगच्या पकडीने दाबली. जोड ओढून पाहिला, हलला नाही. स्लीव्ह आतून गोंद असलेली होती. गरम हवा लागताच ती आवळली आणि दोन्ही टोकांना गोंदाचा बारीक ओघळ बाहेर आला. तो दिसला म्हणजे पाणी बंद. सोल्डर का नाही, विचारलं. सोल्डर तारेत पुढे झिरपतो, तेवढा भाग ताठ होतो आणि गाडीच्या थरथरीने तार नेमकी त्याच्या कडेला तुटते. सोल्डर करायचाच तर जोडाला आधार देऊन बांधायला हवा. मला क्रिंपिंग पूर्ण पटलं. पत्रा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासला, बोल्ट आवळला, वरून पेट्रोलियम जेली. बॅटरी जोडली, दिवा लावला, मोजलं: ०.०६!

आता मला सगळीकडे हेच दिसतं. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो अशी गाडी पुढे दिसली की मागच्या लॅम्पचा अर्थ गेला, हे लगेच कळतं. करंटला घरी जायला सरळ रस्ता उरलेला नसतो, म्हणून तो शेजारच्या बल्बमधून जातो. सेल्फ मारला की नुसता ‘टक’ आवाज येतो आणि लोक नवी बॅटरी आणतात. पण सेल्फ शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. तिथे केबलच्या सांध्यात एक शतांश ओहम जरी आला तरी दीड व्होल्ट गडप!

उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही अशाच दुरुस्त होतात. फक्त सगळे जोड एकाच जागी येऊ देऊ नका, मागेपुढे घाला. इन्सुलेशनची काळी टेप इंजिनच्या उष्णतेने चिकट होऊन सुटते, म्हणून हार्नेसवर कापडी टेप लावा. एकमेकींना पिळलेली जोडी दिसली तर ती बहुधा संगणकांच्या संदेशांची असते, तिचा पीळ जोडाशीही जपावा लागतो. आणि पिवळ्या आवरणातल्या एअरबॅगच्या वायरींना घरी हात लावायचा नाही, ते काम अधिकृत सर्व्हिसकडेच.

एका गोष्टीचा मात्र मला मनापासून राग येतो: दहाचा लाल फ्यूज सारखा उडतो म्हणून तिथे तीसचा हिरवा लावणं, किंवा चांदी गुंडाळणं. फ्यूज तारेला वाचवण्यासाठी असतो. तो मोठा केला की शॉर्ट झाल्यावर फ्यूजच्या आधी तार जळते, आणि गाडीला आग लागू शकते.

तेव्हा एक मीटर घ्याच. अर्थच्या बाजूला दिवा चालू असताना ०.२ व्होल्टच्या वर काही दिसलं तर सांधा उघडून बघा. आणि गॅरेजमध्ये कुणी “सगळं वायरिंगच बदलावं लागेल” म्हणालं, तर दिवा लावायला सांगा आणि व्होल्ट कुठे पडतात ते आधी मोजून दाखवा म्हणा.