बापाचे कॉर्नेट, लेकाचे बोल

उर्दूत तझमीन नावाचा एक जुना रिवाज आहे. एखाद्या बुजुर्ग शायराचा मिसरा घ्यायचा आणि त्याला आपले मिसरे जोडायचे. याला चोरी कोणी म्हणत नाही. उलट तो त्या शायराचा अदब समजला जातो. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. तझमीन समजावताना हल्ली आम्हांला दर वेळी न्यूयॉर्कचा नास आठवतो. गझल शिकवणाऱ्याने रॅपरचे नाव घ्यावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल.

नववीच्या पोरांनी मोबाइलवर हिप हॉप ऐकवले, तेव्हापासून आम्ही ते ऐकतो आहोत. त्यातही जॅझ मिसळलेले आम्हांला अधिक भावते. 1990 च्या सुमारास न्यूयॉर्कची तरुण मंडळी आईबापांच्या काळातल्या जॅझच्या तबकड्या धुंडाळू लागली. हाताशी सॅम्पलर हे यंत्र होते. त्या काळचे एसपी-1200 जेमतेम दहा सेकंदांचा आवाज साठवी. म्हणून पियानोचा दोन-चार सेकंदांचा तुकडा उचलायचा, तोच फिरत ठेवायचा, खाली ड्रमचा ठेका आणि वर आपले बोल. तबकडीची खरखरही बरेच जण तशीच ठेवीत. जॅझचे सूर लवकर मुक्कामाला पोचत नाहीत, अधांतरी राहतात. तुकडा पुन्हापुन्हा आला तरी कान कंटाळत नाही, आणि बोलणाऱ्याला जागा मिळते.

जागा सोडण्यात उस्ताद होते पियानोवादक अहमद जमाल. 1930 साली पिट्सबर्गला जन्मले, विशीच्या सुमारास इस्लाम स्वीकारला, 2023 साली वारले. शिकागोत त्यांनी अलहंब्रा नावाचे क्लब काढले होते; तिथे दारू मिळत नसे. ते फार दिवस चालले नाही, हे सांगायला नकोच! (संगीत जायज की नाजायज, हा वाद उलेमांनी करावा, आमचा तो अधिकार नाही.) 1970 साली त्यांनी वाजवलेल्या 'आय लव्ह म्युझिक'मधला तुकडा घेऊन पीट रॉकने 1994 साली नासचे 'द वर्ल्ड इज युवर्स' रचले. मिसरा जमालसाहेबांचा, गिरह पोरांची.

नासचे पूर्ण नाव नासिर बिन ओलू दारा जोन्स. हे ऐकून आमच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या भुवया वर गेल्या. वडील ओलू दारा मिसिसिपीचे, जॅझमधले कॉर्नेटवादक. मुलगा क्वीन्सब्रिजच्या सरकारी चाळींत वाढला. विशीत त्याने 'इल्मॅटिक' हा पहिला अल्बम काढला. त्यातल्या एका गाण्याच्या शेवटी मुलाचे बोल थांबतात आणि बापाचे कॉर्नेट वाजू लागते. बापाने रॅप केला नाही, मुलाने कॉर्नेट हाती घेतले नाही. दोघे आपापल्या जबानीत बोलले. आम्हांला या गाण्यातले हेच अधिक मोलाचे वाटते.

कारण आमच्या वर्गात याच्या उलटे चालले आहे. मुलांना अब्बांच्या उर्दूची लाज वाटते, आणि पोरांची बडबड अब्बांना बेअदबी वाटते. यंदाच्या स्नेहसंमेलनात एका मुलाला गालिबच्या शेरावर रॅप करायचा होता. शेर अब्बांनी म्हणावा, असा त्याचा हट्ट. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, ‘‘गालिबची ही विटंबना शाळेत नको.’’ आम्ही ओलू दारांचे उदाहरण दिले. ते हसले, पण परवानगी मिळाली.

तालमीला अब्बा रिक्षा बाहेर लावून खाकी शर्टातच आले. स्टेजवर चढायला लाजले, दारापाशीच उभे राहून शेर म्हणाले. मुलाने बाकावर बोटांनी ठेका धरला आणि पुढे सुटला. दुसऱ्या फेरीला त्याचा दम तुटतोय हे अब्बांच्या ध्यानात आले असावे. त्यांनी मिसरा जरा लांबवला.