बोटांनी बघायचं यंत्र

सिम रेसिंगसाठी, म्हणजे संगणकावरच्या मोटरशर्यतीसाठी, घरी बटनबॉक्स (बटनं, खटके आणि फिरवायच्या एन्कोडरची पेटी) बनवणं ही नुसती हौस नाही, त्यामागे साधं गणित आहे. ताशी २०० किलोमीटर वेगाने पळणारी गाडी अर्ध्या सेकंदात सुमारे २८ मीटर पुढे जाते. तेवढा वेळ नजर कीबोर्डवर गेली की वळण हुकलंच. कीबोर्डच्या कळा सगळ्या एकसारख्या. बटनबॉक्सवरचा खटका वर आहे की खाली, हे मात्र बोटाला न बघता कळतं, आणि एन्कोडरच्या टिकटिकीवरून ब्रेक बायस (पुढच्या-मागच्या चाकांतली ब्रेकच्या जोराची वाटणी) किती घरं सरकला तेही मोजता येतं.

‘तयार बॉक्स विकत मिळतो की!’ हा आक्षेप रास्त आहे. पण त्यातली बटनांची मांडणी दुसऱ्याने ठरवलेली असते. स्वतः बनवायचा तर आर्डुइनो लिओनार्डोसारखा मायक्रोकंट्रोलर बोर्ड संगणकाला थेट गेम कंट्रोलर म्हणून दिसू शकतो. तारांची ५ ओळी आणि ५ स्तंभांची जाळी केली की १० पिनांवर २५ बटनं बसतात. मात्र प्रत्येक बटनाला वीज एकाच दिशेने जाऊ देणारा डायोड हवा, नाहीतर तीन बटनं एकत्र दाबताच न दाबलेलं चौथं भुतासारखं उगवू शकतं. सोल्डरिंग चुकेल, वेळ जाईल, हे कबूल. पण उद्या बिघडलं तर कुठली तार कुठे जाते हे बनवणाऱ्याला ठाऊक असतं. ही जाण विकत मिळत नाही.