गुलमर्गचा बर्फ आणि चार स्क्रू

काश्मीरहून परतलेल्या बायका शिकारा, केशर आणि शालींच्या गोष्टी सांगतात. मी मात्र जानेवारीत गुलमर्गहून आले ती चार स्क्रूंची गोष्ट घेऊन. हसू नका हं! त्या चार स्क्रूंवर माझ्या भाचीचा गुडघा अवलंबून होता.

श्रीनगरहून गुलमर्ग साधारण ५० किलोमीटर. टंगमर्गपर्यंत रस्ता सरळ. पुढची वळणावळणाची चढण सूचिपर्णी झाडांच्या रानातून जाते. हिवाळ्यात चाकांना साखळ्या बांधूनच गाड्या वर चढतात. आणि मग एकदम समोर येतं ते २,६५० मीटर उंचीवरचं पसरट, पांढरंशुभ्र कुरण. गुल म्हणजे फूल आणि मर्ग म्हणजे कुरण. पण जानेवारीत फुलं कुठली? नजर जाईल तिथे बर्फच बर्फ. इथून केबलकार, म्हणजे गोंडोला, दोन टप्प्यांत वर जाते. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, तो १९९८ मध्ये सुरू झाला. दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यापर्यंत, जवळजवळ ४,००० मीटरवर. तो २००५ मधला.

भाचीला स्नोबोर्ड शिकायचा होता. स्कीइंगमध्ये दोन पायांना दोन पट्ट्या असतात. इथे एकाच फळीवर दोन्ही पाय अडकवून आडवं उभं राहायचं आणि घसरायचं. ही कल्पना निघाली एका घरातूनच, बरं का. १९६५ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थांनी आपल्या मुलींसाठी दोन स्की एकत्र जोडून खेळणं केलं. त्याचं ‘स्नर्फर’ हे नाव सुचवलं त्यांच्या पत्नीने! त्याच खेळण्याचा पुढे स्नोबोर्ड झाला आणि १९९८ मध्ये नागानोच्या ऑलिंपिकपर्यंत पोचला.

पहिला दिवस छान गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी हाडं गोठवणारी थंडी होती. भाड्याने घेतलेली फळी रात्रभर बाहेर व्हरांड्यात उभी होती. भाची लहान उतारावर गेली, वळली आणि धाडकन पडली. फळी एकीकडे वळली होती आणि पाय दुसरीकडे. बुटाला धरून ठेवणारं बाइंडिंगच फळीवर गरकन फिरलं होतं.

शिकवणाऱ्या मुलाने खिशातला डिसमिस काढून तिथेच स्क्रू आवळले. अर्ध्या तासाने पुन्हा तेच. दुपारी तिसऱ्यांदा. तेव्हा मात्र भाची गुडघा चोळत उठली. मला समजलं ते असं, की स्कीचं बाइंडिंग पडताना पाय सोडून देतं, पण स्नोबोर्डचं सोडत नाही. पाय अडकलेलाच राहतो आणि बाइंडिंग भलत्या वेळी फिरलं तर पीळ थेट गुडघ्याला बसतो. मी सांगून टाकलं, “उद्या कोंगडोरी नाही. पुरे झालं.” भाचीचे डोळे भरून आले. “मावशी, माझं काही चुकतंय का गं?”

चूक तिची नव्हती. संध्याकाळी त्या मुलाचे चाचा हॉटेलवर आले. फळ्या दुरुस्त करण्यात त्यांचे केस पांढरे झालेले. बुखारीपासून चार हात दूर फळी ठेवून त्यांनी स्क्रू काढले आणि म्हणाले, “दीदी, बर्फ पे कसा हुआ स्क्रू झूठ बोलता है।”

बाइंडिंगच्या मधोमध एक तबकडी असते. तिच्या कडेला बारीक दाते असतात आणि बाइंडिंगच्या बुडालाही तसेच दाते. दोन्ही एकमेकांत बसले की बाइंडिंग फिरत नाही. तबकडीला फळीशी दाबून धरतात ते चार स्क्रू. आमच्या दात्यांत बर्फाचा पातळ थर गच्च बसला होता, कुल्फीच्या साच्याच्या तळाला जमतो तसा. स्क्रू आवळल्यावर हाताला घट्ट लागत होते, पण ते दाबत होते बर्फाला! वजन पडलं की बर्फ चिरडायचा, फट पडायची, दाते सुटायचे. शिवाय थंडीत लोखंडापेक्षा प्लॅस्टिक जास्त आकसतं, त्यामुळे घरात बसलेला स्क्रूही बाहेर थोडा सैल पडतो. त्यात फळीचा खडखडाट आहेच.

मग आम्ही चाचांच्या देखरेखीखाली कामाला लागलो. आधी तबकडीवरचे अंशाचे आकडे कागदावर लिहून घेतले, म्हणजे कोन चुकायला नको. दाते जुन्या टूथब्रशने घासले, पंचाने पुसले आणि पूर्ण कोरडे होऊ दिले. चारही स्क्रू आधी बोटांनीच फिरवून बसवले. मग समोरासमोरचे, फुलीच्या क्रमाने, थोडे थोडे आवळले. एकच स्क्रू शेवटपर्यंत आवळला की तबकडी तिरकी बसते. डिसमिस फुलीच्या खाचेचा, मोठा, तीन नंबरचा हवा. लहान वापरला तर खाच झिजते. आणि जोर बेताचा, नाहीतर फळीतले आटे जातात. स्क्रू नुसताच गरगर फिरत असेल किंवा दाते झिजलेले असतील, तर उपाय करत बसू नये; सरळ बदलून घ्यावं. स्क्रूची लांबीही पाहावी. फार लांब असला तर तळाला टेकतो आणि तबकडी सैलच राहते.

शेवटी मी एक घरगुती युक्ती केली. काजळाच्या पेन्सिलीने तबकडी आणि बूड यांच्यावरून एक सरळ रेघ ओढली. रेघ तुटली की समजावं, बाइंडिंग हललं. चाचा खूश झाले!

बुटाच्या पट्ट्यांचंही तसंच. दात्यांत बर्फ बसला की पट्टा निसटतो. तेव्हा फुंकर मारू नये, कारण तोंडाची वाफ तिथेच गोठते. कोरडा ब्रश बरा.

दुसऱ्या दिवशी गेलो कोंगडोरीला. पहिली फेरी होताच भाचीला थांबवून, बर्फ झाडून स्क्रू पाहिले. दोन स्क्रूंनी पाव-पाव फेरा घेतला. रेघ मात्र जागच्या जागी होती. मग ती दुपारपर्यंत घसरत होती आणि मी कहवा पीत बसले. पडली चार-पाच वेळा, पण प्रत्येक वेळी हसत उठली.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या घरातलं कोणी बर्फात खेळायला निघालं, तर लोकरी मोज्यांबरोबर एक जुना टूथब्रश, एक पंचा, काजळाची पेन्सिल आणि तो डिसमिस सामानात टाका. फळी रात्री आत घ्या, पण शेगडीला टेकवून ठेवू नका. आणि सकाळी घाई कितीही असो, पहिल्या फेरीनंतर स्क्रू बघितल्याशिवाय दुसरी फेरी नाही, हे आधीच ठरवून टाका.