शपथ घेतल्यानंतरचं काम

प्रिय अनघाताई,

छळ-हेळसांड झालेल्या मुलांची बाजू न्यायालयात मांडणाऱ्या स्वयंसेवकांच्या ‘कासा’ या संघटनेच्या तुमच्या शाखेला मिळालेल्या देणगीतून स्वयंसेवकांची नवी तुकडी तयार करावी की आणखी एक पर्यवेक्षक नेमावा, असं तुम्ही विचारलंत. माझं मत पर्यवेक्षकाला. का, ते या कामाच्या मुळापासून सांगतो. छळ किंवा हेळसांड झालेल्या मुलाच्या खटल्यात त्याच्यासाठी स्वतंत्र प्रतिनिधी नेमा, तरच केंद्राचा निधी मिळेल, अशी अट अमेरिकेच्या १९७४च्या कायद्याने राज्यांना घातली. एवढी माणसं आणायची कुठून, हा पेच १९७७ साली सिअ‍ॅटलचे न्यायाधीश डेव्हिड सूकप यांनी सोडवला तो सामान्य नागरिकांना शिकवून; कासाची सुरुवात तीच. पगारी समाजकार्यकर्त्याच्या डोक्यावर अनेक मुलं असतात आणि तोही मधेच बदलतो. स्वयंसेवकाकडे मात्र बहुधा एकच मूल किंवा एकाच घरातली भावंडं. त्याने मुलाला नियमित भेटायचं, शिक्षक, डॉक्टर, आईवडील, सांभाळणारं कुटुंब अशा सगळ्यांशी बोलायचं आणि लेखी अहवाल न्यायाधीशांपुढे ठेवायचा.

स्वयंसेवकाने न्यायालयात शपथ घेण्याआधी किमान ३० तास आणि पुढे दरवर्षी १२ तास प्रशिक्षण, हे कासाच्या राष्ट्रीय संघटनेचे दंडक तुम्हाला पाठ आहेत. तेवढ्या तासांत कायदा, मुलाच्या मनावरचे आघात, अहवालाची मांडणी हे सगळं शिकवता येतं. पण ज्या घरी मार खाल्ला त्याच घरी मुलाला परत जायचं असतं, शाळा एक सांगते आणि आई दुसरंच, तेव्हा काय लिहायचं हे वर्गात ठरत नाही. त्यातून न्यायाधीश कासाकडे बहुधा गुंतागुंतीचेच खटले सोपवतात. अशा वेळी विचारायला जाणतं माणूस हवं. एका पर्यवेक्षकामागे ३० स्वयंसेवक ही वरची मर्यादा आहे. तिला टेकलेल्या शाखेत प्रत्येक अहवाल बारकाईने वाचला जाईल कसा?

या कामावरचा सर्वांत गंभीर आक्षेप असा, की खात्यापित्या घरातले स्वयंसेवक गरिबांच्या संसाराचा न्याय करतात. आक्षेप खरा आहे. अमेरिकेतल्या पीडित मुलांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मुलांची नोंद हेळसांडीची असते, आणि हेळसांड व गरिबी यांतली रेघ पुसट असते. रिकामा फ्रिज आईच्या बेपर्वाईचा पुरावा की संपलेल्या पगाराचा? ‘हे तुम्ही पाहिलंत की ताडलंत?’ असं अहवाल न्यायालयात जाण्याआधी कुणीतरी विचारायला हवं. पूर्वग्रहाविषयीचं एक व्याख्यान हे काम करू शकत नाही.

आधी पर्यवेक्षक नेमला तर तोवर प्रतिनिधीविना थांबलेल्या मुलांचं काय, असं तुमचं मंडळ विचारेल. तो प्रश्न मला टाळायचा नाही. पण न्यायाधीश स्वयंसेवकाच्या शब्दाला वजन देतात, म्हणून चुकीच्या शिफारशीने मूल घरापासून विनाकारण तुटू शकतं किंवा पुन्हा मारहाणीच्या तोंडी जाऊ शकतं. शिवाय आधाराविना थकलेला स्वयंसेवक मधेच काम सोडतो, आणि आधीच अनेकांनी सोडलेल्या मुलाला आणखी एक माणूस सोडून जातं. तेव्हा यंदा पर्यवेक्षक नेमा. नवी तुकडी त्याला पेलेल एवढीच घ्या, आणि प्रतीक्षायादीची लांबी न्यायालयाला दर महिन्याला लेखी कळवा.

तुमचा,
श्रीधर