काहीच खाल्लं नाही, डॉक्टर

बंगळुरूत आंब्याचा हंगाम एप्रिल संपता संपता जोर धरतो. बादामी, रसपुरी, मल्लिका, मग शेवटी तोतापुरी. कुत्र्यांच्या दवाखान्यात मात्र हा हंगाम श्रावण उलटला तरी संपत नाही. कुत्रा कोय चघळत बसतो, कुणी ती काढून घ्यायला आलं की घाईने गिळून टाकतो. कोय जठरात पडून राहते, कधी कधी आठवडेच्या आठवडे. मधूनच ती जठराच्या खालच्या तोंडाशी येऊन अडते आणि उलट्या सुरू होतात. मागे सरकली की कुत्रा पुन्हा जेवतो, शेपटी हलवतो. घरच्यांना वाटतं पित्त झालं असेल. मग एके दिवशी ती आतड्यात उतरते आणि तिथे रुतते.

"एनू तिंदिल्ला डॉक्ट्रे," असं इथले लोक सांगतात. मराठी घर असेल तर "काहीच खाल्लं नाही हो याने." हे लोक खोटं बोलत नाहीत, त्यांनी खरंच पाहिलेलं नसतं. आणि एक्स-रेवरही सगळं दिसत नाही. हाड, दगड, नाणं पांढरं उठून दिसतं. कोय, मोजा, चिंधी, पातळ प्लॅस्टिक यांचा नुसता संशय येतो, तोही फुगलेल्या आतड्यातल्या हवेवरून. सोनोग्राफीने पुष्कळ कळतं, पण कुठे शोधायचं हे आधी ठाऊक असलेलं बरं. म्हणून कुत्र्याने काय खाल्लं हे मी विचारतच नाही. घरातलं काय सापडत नाहीये, असं विचारतो. मोज्याचा जोड पुरा आहे का? मुलाचा चेंडू शेवटचा कधी दिसला? भांडी पुसायचं फडकं कुठे आहे?

बऱ्याच घरांत नवराबायको दोघंही ऑफिसात असतात, कुत्रा दिवसभर स्वयंपाकाला येणाऱ्या अक्कांबरोबर. त्यामुळे मी अक्कांना फोन लावायला सांगतो. परवाही तसंच झालं. दोन दिवस अन्न न शिवलेला एक बीगल, घरचे पूर्ण गोंधळलेले. फोनवरून अक्का लगेच म्हणाल्या, तुपाची बरणी पुसलेलं फडकं ओट्यावर ठेवलं होतं, ते परवापासून नाही. निम्मं निदान तिथेच झालं. लहान मुलं असतील तर त्यांनाही विचारावं. ती जमिनीजवळ वावरतात, आणि त्यांना कुणी रागावणार नाही याची खात्री दिली की सगळं सांगतात.

परळच्या बॉम्बे व्हेटरनरी कॉलेजात शिकताना गायीच्या पोटातल्या तारा आणि खिळे पाहिले होते. गाय चारा न निवडता ओढून घेते, तार त्याबरोबर आत जाते. कुत्र्याचं तसं नसतं. तो निवडून खातो. मोजा निवडतो तो घामाच्या वासासाठी, फडकं तुपासाठी, मक्याचं बुरकुंड त्याला लावलेल्या लोण्यासाठी. त्याच्या नाकाच्या हिशेबाने ते अन्नच असतं. म्हणून त्याच्यावर ओरडून काही साधत नाही. उलट ओरडल्यावर तो ती वस्तू जास्त घाईने गिळतो.

प्रश्न विचारून झाले की हात. कुत्रा टेबलावर उभा, मी त्याच्या मागे, दोन्ही बाजूंनी बोटं पोटावर ठेवून हळूहळू एकमेकांकडे आणायची. निरोगी आतडं बोटांतून निसटून जातं. अडलेल्या जागी ते निसटत नाही, गोळा लागतो, आणि त्याच क्षणी कुत्रा पोट आवळतो, मान वळवून माझ्या हाताकडे बघतो. लठ्ठ कुत्र्यात हे काहीच कळत नाही, चरबीच्या थरात बोटं हरवतात. वजनाबद्दल मी एवढा आग्रही असतो त्याचं हेही एक कारण.

पोट उघडल्यावर अडथळ्याच्या वरचं आतडं फुगलेलं, गडद लाल, कधी जांभळं. खालचं रिकामं आणि फिकट. छेद घ्यायचा तो फुगलेल्या भागावर नाही, त्याच्या लगेच खाली, जिथे आतडं निरोगी आहे. तिथून वस्तू हळूहळू सरकवून बाहेर काढायची. मग थांबून रंग बघायचा. कोमट सलाईन घातल्यावर गुलाबीपणा परततो का, लाट पुढे सरकते का, कडेच्या बारीक धमन्या उडतात का. उत्तर नाही आलं तर तेवढा तुकडा कापून टोकं जोडावी लागतात. टाक्यांवर ओमेंटम, म्हणजे पोटातली चरबीची जाळी, पांघरायची. निसर्गाने दिलेलं इतकं गुणी साधन दुसरं नाही. तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत टाके सुटण्याची धास्ती असते, त्या दिवसांत माझा फोन उशाशी असतो.

सगळ्यात वाईट दोरा. हाराचा, मांजाचा, मोज्याच्या विणीचा. एक टोक जठराच्या खालच्या तोंडाशी अडकतं, बाकीचा दोरा पुढे जातो आणि आतडं नाडी ओढलेल्या पायजम्यासारखं चुण्या चुण्या होऊन गोळा होतं. ताणलेला दोरा आतून चिरत जातो. गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर कधीही ओढू नका, हे मी प्रत्येक घरात सांगतो. उलटी व्हावी म्हणून मिठाचं पाणी पाजू नका, हेही. त्याने रक्तातलं सोडियम वाढून कुत्रा दगावू शकतो. टोकदार वस्तू किंवा बटणासारखा सेल गेला असेल तर उलटी करवायचीच नाही, थेट दवाखाना गाठायचा. सेल तर काही तासांत अन्ननलिका जाळतो.

द्राक्षांचं वेगळं सांगावं लागतं, कारण इथे नंदी टेकड्यांच्या आसपास पिकणारी बंगलोर ब्लू घरोघरी येते. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. कारण बरीच वर्षं गूढ होतं. 2021 साली अमेरिकेतल्या विषबाधा तज्ज्ञांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. हे आम्ल चिंचेतही भरपूर असतं, तेव्हा सांबारभात हा कुत्र्याचा घास नव्हे.

माती खाणारा, भिंत चाटणारा कुत्रा आला की मी आधी हिरड्या बघतो. त्या पांढुरक्या असल्या की रक्त तपासायला पाठवतो. इथली हवा बारमाही सौम्य, गोचीडही बारमाही. गोचीडतापाने रक्त उतरलं की कुत्रा अशा वस्तूंच्या मागे लागतो. जंतांनीही. घरचे त्याला वाईट सवय म्हणत असतात आणि तो बिचारा आजारी असतो.

आणि लॅब्रॅडॉर. केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 साली दाखवलं की जवळपास चौथाई लॅब्रॅडॉरांमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचवण्याचं काम त्या जनुकाच्या वाट्याचं. 2024 साली त्याच गटाने पुढचं मांडलं: अशा कुत्र्यांना दोन जेवणांच्या मध्ये जास्त भूक लागते, आणि स्वस्थ पडलेलं असताना त्यांचं शरीर ऊर्जाही सुमारे चौथाईने कमी जाळतं. भूक जास्त, खर्च कमी. अशा कुत्र्याला हावरट म्हणणं हा मला अन्याय वाटतो. पण त्याची भूक खरी आहे म्हणून त्याला खाऊ घालत राहणं हाही अन्यायच. पुरिनाने 48 लॅब्रॅडॉरांवर केलेला अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. भावंडांपेक्षा चौथाई कमी अन्न मिळालेले कुत्रे सरासरी जवळपास दोन वर्षं जास्त जगले, सांध्यांची दुखणीही त्यांना उशिरा लागली. कुत्र्याच्या आयुष्यात दोन वर्षं फार मोठी.

बसवनगुडीतल्या एका मराठी घरात असा एक लॅब्रॅडॉर आहे. घरात पाच माणसं, प्रत्येक जण त्याला "एवढंसंच" देतो. पोळीचा कडेचा तुकडा, दहीभाताचा घास, मारी बिस्किट. खाली वॉचमन आणखी दोन बिस्किटं. मी एक डबा आणायला सांगितला. दिवसाचं सगळं खाणं सकाळी मोजून त्यात भरायचं, ज्याला द्यायचं त्याने त्यातूनच द्यायचं, वॉचमननेही. डबा रिकामा झाला की दिवस संपला. यात कुणाचं देणं बंद होत नाही, म्हणून हे टिकतं. वजन उतरतंय, हळूहळू, मला हवं तसं.

आजींना ते अजून पटलेलं नाही. "अहो डॉक्टर, मी जेवायला बसले की तो बघत असतो हो."

"तो बघणारच, आजी. पोट भरलेलं असलं तरी बघेल."

"मग काकडी चालेल का? बिनमिठाची?"

"चालेल. पण सकाळीच चिरून डब्यात ठेवायची."

त्यांनी सुनेला हाक मारून काकडी आणायला सांगितली.