खरखर

"मराठी विभागासाठी लेख दे," असं संपादक मंडळातल्या मैत्रिणीने सांगितलं, तेव्हा मी आधी हसलेच. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये! एकोणसत्तर म्हणजे सिक्स्टी नाइन की सेव्हन्टी नाइन, हा गोंधळ अजून मिटलेला नाही. तरी लिहितेय, कारण आमच्या मिनी प्रोजेक्टने मला जरा विचारात पाडलंय.

विषय होता स्प्रेड स्पेक्ट्रम रिसीव्हरमधला इंटरफिअरन्स कमी करणे. उदाहरण घेतलं जीपीएसचं. उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर. तिथून येणारा सिग्नल इतका क्षीण होतो, की तो चक्क नॉइझच्या खाली बुडालेला असतो. मग सापडतो कसा? रिसीव्हरला कोड माहीत असतो म्हणून. १०२३ चिप्सचा हा कोड दर मिलिसेकंदाला पुन्हा येतो. रिसीव्हर तोच कोड स्वतः तयार करून आलेल्या सिग्नलवर सरकवत बघतो. जुळला, की पसरलेला सिग्नल एकदम गोळा होतो आणि मध्येच घुसलेला टोन उलट पसरून पातळ होतो. गर्दीच्या प्लॅटफॉर्मवर कोणी आपलं घरातलं नाव घेतलं की मान आपोआप वळते ना, तसंच!

पण टोन फारच जोरदार असला तर एवढ्याने भागत नाही. मग आधी अॅडॅप्टिव्ह फिल्टर लावायचा. आम्ही विड्रो आणि हॉफ यांचा १९६० सालचा एलएमएस अल्गोरिदम वापरला. टोन म्हणजे सासू-सुनेची मालिका, पुढे काय होणार ते आधीच कळतं. कोडचा मात्र अंदाज बांधता येत नाही. म्हणून जे ओळखता येतं ते वजा करायचं, उरतो तो आपला सिग्नल.

मी उत्साहात स्टेप साइझ भलताच मोठा ठेवला. मॅटलॅबच्या ग्राफवर टोन साफ गायब! मी खूश. सरांनी शांतपणे विचारलं, "कचरा काढलास, पण पीक कुठंय?" कोरिलेशनचा पीकही गायब होता. उतावळा फिल्टर टोनबरोबर सिग्नलच्याही मागे धावला होता. रात्री दोनपर्यंत बसून स्टेप साइझ कमी केला, तेव्हा कुठे पीक उभा राहिला.

झोप येईना. शाळेत मराठी शब्द तोंडातून निघाला की एक रुपया दंड असायचा. मी हुशार मुलगी, वर्षभरात दंड शून्यावर आणला! मराठी म्हणजे इंटरफिअरन्स, असंच वाटायचं. रविवारी आजीचा फोन आला की मी भराभर इंग्रजी मिसळून बोलायची. ती एकदा म्हणाली होती, "बाळा, तू बोलतेस ते छानच असेल, पण मला नुसती खरखर ऐकू येते." तेव्हा मी फोनलाच दोष दिला. त्या रात्री कळलं, फोन ठीक होता. कोड मी बदलला होता, आजीकडे जुनाच होता.

या रविवारी हा लेख तिला फोनवर वाचून दाखवला. अडखळतच. कोरिलेशन तिला कळलं नसणार. मध्येच मी थांबले, तर म्हणाली, "ऐकू येतंय गं, वाच पुढे."