कळलं तो पहिला दिवस

पत्राच्या माथ्यावर ‘श्री’ दिसला नाही, की पुढचं वाचायच्या आधीच माणूस मटकन खाली बसायचा, असा तो काळ होता. अशुभाच्या पत्रावर श्री घालत नसत. ते घरात ठेवायचं नाही, वाचलं की फाडायचं. वाईच्या आमच्या वाड्यात अशी कार्डं उंबऱ्याबाहेरच वाचून फाडलेली मी लहानपणी पाहिली होती. नाना गेल्याचं पत्र मात्र आलं ते क्लीव्हलंडला, निळ्या एरोग्रामवर, १९७८ च्या फेब्रुवारीत. जानेवारीअखेर ओहायोत मोठं हिमवादळ झालं होतं. तिकडची जुनी माणसं अजून त्याच्या गोष्टी सांगतात. टपाल तुंबलेलं होतं. रस्ते मोकळे झाल्यावर पेटीत एकदम गठ्ठा पडला, त्यात हे पत्र. पत्त्यावरचं अक्षर नानांचं नव्हतं, काकांचं होतं. एरोग्राम सुरीने अलगद कापावा लागतो, नाहीतर कडेला दाटीवाटीने लिहिलेल्या ओळी जातात. कापला, उलगडला आणि आधी माथा पाहिला. कोरा होता.

नानांचा तेरावाही तोवर होऊन गेला होता. काकांनी तार मुद्दामच केली नव्हती. लिहिलं होतं, ‘तारेत दोन शब्द मावतात. परक्या मुलखात ते दोन शब्द हातात घेऊन तू काय करणार? म्हणून सविस्तर लिहितो.’ आणि खरोखरच सविस्तर लिहिलं होतं. आदल्या रात्री नानांनी काय खाल्लं, पहाटे कुणाला हाक मारली, खांदा कुणी दिला, अस्थी संगम माहुलीला कुणी नेल्या. दहाव्याला कावळा शिवेना, मंडळी उन्हात ताटकळली. शेवटी काकांनीच हात जोडून सांगितलं, ‘थोरला लांब आहे, पण आईला अंतर देणार नाही,’ तेव्हा शिवला. माझ्या वतीने दिलेला शब्द असा मला टपालाने कळला.

पत्राच्या शेवटी, जागा संपत आल्यावर, बारीक अक्षरात खरी कामाची ओळ होती: ‘दिवस होऊन गेले म्हणून तुझं सूतक सुटत नाही. पत्र वाचशील त्या दिवसापासून दहा दिवस धर.’

काका वाईच्या प्राज्ञपाठशाळेच्या शेजारात वाढलेले, त्यामुळे धर्मसिंधूचा हवाला त्यांच्या तोंडी असायचाच. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी १७९० मध्ये तो ग्रंथ पुरा केला. लांबच्या मुलखात माणूस गेला आणि बातमी उशिरा आली तर काय करायचं, याचा त्यात बारकाईने विचार आहे. इतर भाऊबंदांचं दहा दिवस उलटल्यावर पण तीन महिन्यांच्या आत कळलं तर तीन दिवस, पुढे कमी कमी होत वर्षानंतर नुसतं स्नान. आईवडिलांना मात्र ही सूट नाही. वर्ष लोटलेलं असो, मुलाने कळल्या दिवसापासून पुरते दहा दिवस धरायचे. समुद्र ओलांडणं निषिद्ध मानणाऱ्यांनीच लांब गेलेल्या मुलाची ही सोय करून ठेवली होती.

मी ते दहा दिवस धरले. देवावर माझा विश्वास तेव्हाही जेमतेमच होता. जानवं विद्यार्थिदशेतच खुंटीला लागलं होतं. पण विश्वासाचा प्रश्नच कुणी विचारला नाही. जमिनीवर सतरंजी टाकून झोपलो. गावातल्या चार-पाच मराठी घरांतून रोज संध्याकाळी कुणीतरी वरणभात नाहीतर पिठलं घेऊन यायचं, बूट दाराशी काढून खालीच बसायचं. एकाकडे ज्ञानेश्वरी निघाली, ती थोडी थोडी वाचली. सूतक फिटल्यावर बर्फातून गाडी हाकत पिट्सबर्गला गेलो. तिथलं व्यंकटेश्वराचं देऊळ दोनच वर्षांपूर्वी, १९७६ मध्ये उघडलं होतं. दाक्षिणात्य पुजाऱ्यांनी गोत्र विचारलं आणि नानांचं नाव त्यांच्या वळणाने उच्चारलं. त्यांनी सांगावं आणि मी करावं, यापलीकडे माझ्याकडून कुणाची काही अपेक्षा नव्हती. नाना खरोखर गेले, हे मला त्या दहा दिवसांत हळूहळू कळत गेलं.

आठ डॉलर खिशात घालून, गळ्यात हार आणि हातात नारळ घेऊन सांताक्रूझहून निघालेल्या माझ्या पिढीला दूर असण्याची किंमत ठाऊक होती. त्या दिवसांचे गोडवे गाऊन ती किंमत विसरायची नाही. नानांचा आवाज मी त्यांच्या शेवटच्या वर्षांत जवळजवळ ऐकलाच नाही. ट्रंक कॉल लावून बसावं, लागला तर ‘ऐकू येतंय का’मध्येच मिनिटं जावीत. आईच्या वेळी हे दुःख नव्हतं. भावाने तिला मोबाइल शिकवला होता. व्हिडिओ कॉलवरही ती सवयीने फोन कानालाच लावायची, त्यामुळे आम्हाला वर्षानुवर्षं तिच्या कानातली कुडी तेवढी दिसायची. पण रोजचं बोलणं होतं. काय भाजी केली, ढोल्या गणपतीच्या किती पायऱ्यांपर्यंत कृष्णेचं पाणी चढलं, सगळं त्याच दिवशी कळायचं. हे सुख खरंच होतं आणि ते मी कशाच्याही बदल्यात परत देणार नाही.

आई २०२० च्या एप्रिलमध्ये गेली. नव्वदी ओलांडलेली, झोपेतच गेली. एरवी मी पहिलं विमान पकडलं असतं. मुलगा अमेरिकेतून येईपर्यंत देह शीतपेटीत ठेवायचा, हे आता पुण्या-साताऱ्याकडे कुणाला नवं नाही; नानांच्या वेळी असा विचारही कुणाच्या मनात आला नसता. पण २३ मार्चपासून भारतात येणारी प्रवासी विमानं बंद होती आणि अंत्यविधीला वीसपेक्षा जास्त माणसांना परवानगी नव्हती. पुतण्याने फोन धरला. वाईत सकाळ, माझ्याकडे मध्यरात्र उलटलेली.

मला सगळं दिसलं. पिढ्यान् पिढ्या लांब राहिलेल्या मुलांना जे दिसलं नव्हतं, ते मला माझ्या स्वयंपाकघरात बसून दिसलं. तिचं कपाळ, कुंकू, तुळशीपत्र. आणि त्याच काचेवर, तिच्या कपाळावरून, वरून एकेक पट्टी घरंगळत यायला लागली. ‘भावपूर्ण श्रद्धांजली.’ ‘ॐ शांती.’ हात जोडलेली चित्रं. बातमी आमच्या नात्यागोत्याच्या गटावर पोचली होती. बोटाने एक पट्टी सारावी तर दुसरी यायची. भाऊ मडकं घेऊन फेऱ्या घालत असताना चित्र अडकलं, तो एक पाय उचललेलाच राहिला. पुन्हा सुरू झालं तेव्हा धूर होता.

दहाव्याला पिंड ठेवला आणि नेहमीप्रमाणे कावळा शिवेना. भावाने फोन पिंडाकडे धरून सांगितलं, ‘दादा, तूच बोल.’ या वेळी माझा शब्द देणारे काका नव्हते. मी घसा खाकरून बोलायला लागलो, तसा जवळ आलेला कावळा उडून पिंपळावर जाऊन बसला. ‘अरे दादा, हळू! बुजतोय तो,’ भाऊ म्हणाला. मी गप्प राहिलो तेव्हा शिवला. आम्ही दोघंही हसलो. आईलाही हसू आलं असतं.

मधले दिवस मात्र कसे गेले ते आठवत नाही. सकाळी गीतापठणाची लिंक, दुपारी भाचीची, रात्री इकडच्या मंडळींची. सगळे हजर होते, पण घरात खाली येऊन बसायला कुणी नव्हतं. येऊ शकतही नव्हतं. साथीचा दोष निम्मा. उरलेला निम्मा असा, की सगळं आधीच पाहून झालं होतं. बातमी कळणं आणि दिवस संपणं यांच्यामध्ये जी रिकामी जागा लागते, ती राहिलीच नाही.

श्राद्धाचंही तसंच झालंय. नानांची तिथी पौष शुद्ध दशमी. १९७३ साली निघालेलं कालनिर्णय भाऊ दरवर्षी येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर गुंडाळी करून पाठवायचा, आणि त्यावरची वाईची तारीख हीच माझी तारीख. तो तिकडे पान वाढायचा, मी इकडे. आता माझ्या मुलीने फोनवर पंचांग घालून दिलंय. ते क्लीव्हलंडच्या सूर्योदयाचा हिशोब करतं आणि पुष्कळदा मला आदला दिवस दाखवतं. गणित त्याचं अचूक आहे. श्राद्धाच्या वेळी त्या जागी कुठली तिथी चालू आहे, यावर दिवस ठरतो, हेही खरं. तरी मी भिंतीवरच्या तारखेलाच करतो. नाना वाईचे होते.

मुलं आता विचारतात, तुमच्या वेळी कुठली नदी? मी त्यांना आनंदीबाई जोशींची गोष्ट सांगतो. हिंदू म्हणूनच जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन, असं जाहीर सभेत सांगून त्या १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि १८८७ मध्ये पुण्यात वारल्या. त्यांची रक्षा त्यांच्या नवऱ्याने, गोपाळरावांनी, अमेरिकेत त्या ज्यांच्या घरी राहिल्या त्या न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंकडे धाडली आणि बाईंनी ती न्यूयॉर्क राज्यात पकिप्सीला आपल्या घरच्या दफनभूमीत ठेवली. तेव्हा नदीचा आग्रह माझा नाही. कृष्णा चालेल, ईरी सरोवरही चालेल. माझं मागणं वेगळं आहे. इकडच्या कंपन्या आई-बाप गेल्यावर साधारण तीन दिवसांची रजा देतात. ती संपेल तेव्हा संपो. तुम्ही दहा दिवस फोन बाजूला ठेवून, भावंडं एकत्र, जमिनीवर बसा. देव मानत असाल तर मंत्र म्हणा, नसाल तर नुसतं पिठलं करा.

धाकट्याने विचारलं, ‘आणि लगेच नाही जमलं तर?’

‘मग जमेल तेव्हा,’ मी म्हटलं. ‘वर्षाने बसलात तरी चालेल. आईवडिलांच्या बाबतीत शास्त्राने मुदत ठेवलेली नाही.’